सर्व्हर चालू होता, ऑर्डर येत नव्हत्या

स्वतःचा वेब सर्व्हर लावायचा तर सुरुवात कुठून करायची, हा आजचा विषय. कमांड मी बोलूनच सांगणार आहे, त्यामुळे वाचणाऱ्यांनी जरा सांभाळून घ्या.

सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी डेटा सेंटरमधला एक कॉम्प्युटर. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, आणि तो रात्रंदिवस चालू. तुमच्या फोनवरून रिक्वेस्ट गेली की तो पान परत पाठवतो. हे पान पाठवायचं काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे वेब सर्व्हर. मी एनजिनएक्स वापरतो. लिहितात तसं, पण म्हणायचं 'इंजिन-एक्स'. इगोर सिसोएव नावाच्या रशियन इंजिनिअरनं लिहिलेलं हे सॉफ्टवेअर २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं.

सुरुवातीला भाड्याचं छोटं मशीन पुरतं. माझं होतं १ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्कचं. त्यावर उबुंटूची एलटीएस आवृत्ती घ्या. मग 'सुडो ॲप्ट अपडेट', आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनजिनएक्स'. ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी ॲड्रेस टाकला की 'वेलकम टू एनजिनएक्स' असं पान दिसतं. दहा मिनिटांचं काम. मी त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला होता, हसू नका.

मग दारं-खिडक्या. लॉगिन पासवर्डनं नाही, एसएसएच कीनं करा. फायरवॉल चालू करायच्या आधी ओपनएसएसएचला परवानगी द्या, म्हणजे २२ नंबरचा पोर्ट उघडा राहील. मग वेबसाठी ८० आणि ४४३, आणि शेवटी 'यूएफडब्ल्यू एनेबल'. क्रम उलटा झाला तर तुम्ही घराबाहेर आणि किल्ली आत. एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट मिळतं, ते सर्टबॉट लावून देतो आणि मुदत संपायच्या आत नवंही करतो.

बहुतेक व्हिडिओ इथे संपतात. माझी गोष्ट इथे सुरू होते.

माझी मावशी गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेते. सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. मी म्हटलं, मावशी, तुला साइट करून देतो. दिली. लोक वापरायलाही लागले. चतुर्थीच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला, "अरे, यंदा कुणाला मोदक नकोयत का? सकाळपासून एक ऑर्डर नाही."

मी साइट उघडून बघितली. उघडली की व्यवस्थित! म्हटलं, चालू आहे गं. संध्याकाळी शेजारच्या काकू विचारायला आल्या, "मी २१ मोदक सांगितलेत, किती वाजता नेऊ?" यादीत त्यांचं नावच नव्हतं.

मग सर्व्हरवर शिरलो. 'डीएफ, स्पेस, डॅश एच' म्हटलं की डिस्क किती भरली ते दिसतं. १०० टक्के! एनजिनएक्सला आधीपासून असलेलं पान फक्त वाचून पाठवायचं असतं, म्हणून साइट उघडत होती. डेटाबेसला मात्र नवीन ऑर्डर लिहायला जागाच नव्हती. आणि माझा शहाणपणा असा, की बटण दाबलं की मी लगेच 'ऑर्डर मिळाली, धन्यवाद' दाखवत होतो. सर्व्हरचं उत्तर बघतच नव्हतो.

जागा खाल्ली कुणी? 'डीयू, स्पेस, डॅश एसएच' नं फोल्डरमागून फोल्डर तपासले. माझ्याच ॲपची लॉग फाइल, १७ जीबी. डीबग लॉगिंग बंद करायचं राहिलं होतं. एनजिनएक्सच्या स्वतःच्या लॉगना उबुंटूवर लॉगरोटेट आपोआप लागतं, जुने लॉग दाबून ठेवतं आणि नंतर काढून टाकतं. माझ्या फाइलबद्दल त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

घाईत 'आरएम' करून फाइल उडवली. पुन्हा डीएफ. तरी १०० टक्के! इथे मला खरंच घाम फुटला.

लिनक्समध्ये फाइल डिलीट केली की फक्त तिचं नाव जातं. एखाद्या प्रोग्रॅमनं ती उघडून धरली असेल तर जागा सुटत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू बाहेर पडत नाही, तसं. अशा बिननावाच्या फाइली 'एलएसओएफ, स्पेस, प्लस, कॅपिटल एल, वन' नं दिसतात. ॲप रीस्टार्ट केलं आणि १७ जीबी एका क्षणात मोकळे झाले. खरं तर आरएम करायचंच नव्हतं. 'ट्रंकेट, डॅश एस, झिरो' आणि पुढे फाइलचं नाव, एवढ्यानं फाइल जागच्या जागी रिकामी होते.

पण दिवसभराच्या ऑर्डर गेल्या त्या गेल्याच. लॉगमधून काढाव्यात तर लॉगही त्याच भरलेल्या डिस्कवर, तोही थांबलेला. मावशीनं सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, बरेच जण पुन्हा बोलले. तरी चतुर्थीला सकाळी दोन घरची माणसं डबा घेऊन दारात उभी. एकांना मावशीनं आपल्या नैवेद्यापुरते ठेवून बाकीचे घरचे मोदक दिले. दुसऱ्यांना तेही देता आले नाहीत. त्यांच्याशी बोलायला मी बाहेर आलोच नाही, हे आजही खटकतं.

आता माझ्या सर्व्हरवर ॲपच्या लॉगलाही लॉगरोटेट आहे. डिस्क ८० टक्के भरली की क्रॉनमधली छोटी स्क्रिप्ट मला मेल पाठवते. डेटाबेसची प्रत रोज रात्री दुसऱ्या मशीनवर जाते. आणि 'धन्यवाद' दिसतं ते ऑर्डर डेटाबेसमध्ये गेल्यावरच. ही शेवटची दुरुस्ती चार ओळींची होती.

मावशी साइट अजून वापरते. पण आलेली प्रत्येक ऑर्डर वहीत उतरवून घेते, आणि मीही तिला नको म्हणत नाही.

रात्रीची ती प्रत वेळ आली तर परत कशी उतरवायची, ते पुढच्या भागात करून बघू. तोवर आपापल्या सर्व्हरवर एकदा डीएफ मारून बघा.