गोलपंचाचा निर्णय

ऑस्ट्रेलियन फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून निराळा आहे. त्याचे मैदान व चेंडू दोन्ही लंबगोल असतात. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार केला, तर सहा गुण मिळतात. बाजूने गेला, तर एकच.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी अॅडिलेड आणि सिडनी या संघांचा सामना अगदी संपत आला होता. अॅडिलेडच्या खेळाडूने मारलेला चेंडू मधल्या खांबांतून गेला. परंतु तो खांबाला लागला, असे गोलपंचाला वाटले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे खांबाला लागलेल्या चेंडूस एकच गुण मिळे. चित्रफीत तपासण्याची सोय होती. पण पंचाला शंकाच नव्हती. सिडनी एका गुणाने जिंकला.

पुढे खेळाच्या चालकांनी चूक मान्य केली. निकाल मात्र बदलला नाही. गोल दिला असता, तर खेळ मैदानाच्या मध्यापासून पुन्हा सुरू झाला असता. उरलेल्या वेळात काय घडले असते, हे कोण सांगणार? प्रेक्षक एकच दृश्य दहा वेळा पाहून वाद घालतात. पंचाला ते एकदाच दिसते, आणि त्याच क्षणी त्याला न्याय द्यावा लागतो.