साहेब बदलतात, शाळा तिथंच राहते

आंब्याची कलमं लावणारा शेतकरी पहिल्याच वर्षी फळ मागत नाही. उन्हाळ्यात खड्डे घेतो, पाण्याची सोय बघतो, चार-पाच वर्षांचा हिशेब मनाशी धरतो. पुढचं बघणं आपल्या माणसाला शिकवावं लागत नाही. शाळेचा कारभार मात्र मार्च ते मार्च चालतो. अनुदान आलं, खर्ची पडलं, दाखला वर गेला. पुढच्या साली पुन्हा तेच.

१ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्याच्या प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडं गेला. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या खाली विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख. उतरंड नीट रचलेली आहे. अडचण एवढीच, की साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात आणि नवे साहेब नवा उपक्रम घेऊन येतात. मग गुरुजी एकच गोष्ट शिकतात : हे साहेब जाईपर्यंत कळ काढायची!

कुमठ्यानं काय दाखवलं?

सातारा तालुक्यातलं कुमठे बीट अनेकांनी ऐकलं असेल. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादाची पद्धत रुजवली. फरशीवर अक्षरं नि आकडे रंगले; खडे, काड्या, बाटल्यांची झाकणं घेऊन पोरं गटागटानं गणित करू लागली. राज्यभरातून हजारो शिक्षक ते बघायला आले. २२ जून २०१५ रोजी शासनानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा निर्णय काढला, त्या काळात कुमठ्याचं नाव घरोघरच्या शिक्षकांच्या तोंडी होतं.

पण यातली खरी गोम रंगाच्या डब्यात नाही. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, हे एकच लक्ष्य ठरलं आणि अधिकारी तपासणीची वही बाजूला ठेवून वर्गात बसला. जिथं नुसती फरशी रंगवली, तिथं दोन पावसाळ्यांत रंगही गेला आणि उपक्रमही. लक्ष्य एक, ते सगळ्यांना ठाऊक आणि त्याला वेळ दिलेला. दूरदृष्टी म्हणतात ती एवढीच.

पट मोजायचा तो उद्याचा

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. या समितीनं शाळेचा विकास आराखडा करायचा आहे. तो एका वर्षाचा नव्हे, तीन वर्षांचा. आणि त्यात दर वर्षी कोणत्या वर्गात किती मुलं असतील याचा अंदाज द्यायचा आहे. किती गावांत असा आराखडा खरोखर बसून केला जातो? बहुतेकदा मागच्या वर्षीचा कागद तारीख बदलून पुढं सरकतो.

वास्तविक हा अंदाज काढायला पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ लागत नाही. अंगणवाडीताईंच्या रजिस्टरात आज जे पोर तीन वर्षांचं आहे, ते तीन वर्षांनी पहिलीत येणार. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदी त्याच्याही पुढचं सांगतात. कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन. म्हणजे एका पोराच्या फरकानं एक गुरुजी मिळतो किंवा जातो. हे आधी कळलं तर बोलता येतं. कळायला उशीर झाला, तर वरातीमागून घोडं.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा गावोगाव ओरड झाली. ओरड रास्तच होती. वाडीवरच्या सहा वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून दुसऱ्या गावी कोण पाठवील? पण आमच्या वाडीत पुढच्या पाच वर्षांत इतकी मुलं शाळेला येणार, असं आकड्यानिशी सांगणारी गावं किती निघाली?

ऊसतोडीच्या भागातला हिशेब तर आणखी निराळा. ३० सप्टेंबरच्या पटावर वर्ग भरलेला दिसतो. पुढं टोळ्या कारखान्याकडं निघाल्या, की बीडकडच्या गावांत निम्मी बाकं ओस. पोरं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. पण आजी-आजोबांकडं कोण राहणार आणि फडावर कोण जाणार, याची यादी टोळी निघण्याआधी, श्रावणातच व्हायला हवी. प्रस्ताव दिवाळीनंतर हलला, तर पोरगं तोवर फडात मोळ्या वाहत असतं. ज्या अधिकाऱ्याच्या भिंतीवर हे वेळापत्रक नाही, त्यानं जिल्हा ओळखलाच नाही म्हणायचं.

ग्रामसभेत विचारा

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांनी एवढं करावं. एक, तीन वर्षांचा आराखडा मोठ्यानं वाचून दाखवावा. दोन, अंगणवाडीचा पट त्याला जोडावा. तीन, तिसरीतल्या किती पोरांना आज वाचता येतं, ते न लपवता सांगावं. चार, शाळेचं काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालावं आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पोच घेऊन द्यावी.

पोच महत्त्वाची, बरं का! साहेब बदलले तरी कागद दप्तरी राहतो आणि नव्या साहेबाला पाटी कोरी करून सुरुवात करता येत नाही. शहाणा शिक्षणाधिकारी असे गावोगावचे कागद गोळा करून त्यावरच जिल्ह्याचा आराखडा बेततो. जो तसं करत नाही, त्याला तसं करायला लावणं हे गावाचं काम आहे. साहेबांची बदली होते. आपली पोरं त्याच शाळेत असतात.