फिरता करंडक

आमच्या सेलूत सकाळी सहाच्या सुमाराला फिरायला निघालं की दोन आवाज हमखास कानावर येतात. एक स्टेशनकडून येणारा गाडीचा भोंगा आणि दुसरा मैदानावरची शिट्टी. परवा त्या शिट्टीपाशी थोडा थांबलो. एक तरुण शिक्षक वीस-पंचवीस मुला-मुलींना पळवत होता. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या चपला, दोघं-तिघं तर अनवाणीच. माझ्याबरोबर फिरायला येणारे एक निवृत्त स्नेही पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण यातलं कुणी राज्याला गेलं का हो?"

प्रश्न साधा होता. आपण सगळेच तो विचारतो. पण मला तो टोचला. तीसेक वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी एका टेबलाभोवती बसून विचारला होता आणि त्याच्या उत्तरावर एका माणसाची नोकरी गेली होती.

तेव्हा मी मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिथल्या एका महाविद्यालयाचं खातं आमच्या शाखेत होतं. संस्थेच्या मंडळींनी मला त्यांच्या क्रीडा समितीवर घेतलं. मला खेळातलं काय कळत होतं? शाळेत खो-खो खेळताना मला खांबाजवळच्या शेवटच्या चौकोनात बसवायचे, तेवढाच अनुभव. पण बँकेचा मॅनेजर म्हटला की त्याला सगळं कळतं, असा त्या काळी गावाचा समज असे. आणि मॅनेजरचाही!

समितीपुढं विषय होता बास्केटबॉलचा. कॉलेजकडं सिमेंटचं एक कोर्ट होतं. मानधनावर काम करणारे क्रीडाशिक्षक होते. मुलं त्यांना 'पीडी सर' म्हणत. पहाटे साडेपाचला ते स्वतः झाडू घेऊन कोर्ट साफ करत. गावातली, आसपासच्या खेड्यांतली, ज्यांनी बास्केटबॉल डोळ्यांनी पाहिलेला नव्हता अशी मुलं ते गोळा करत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ पहिल्या, फार तर दुसऱ्या फेरीत गारद होई. सहा वर्षांत एकही ढाल नाही.

दुसरे एक गृहस्थ त्या जागेसाठी आले होते. ते बोलायला मोठे चटपटीत. म्हणाले, "दोन वर्षांत करंडक आणून दाखवतो. पण मुलं मी आणणार. त्यांची फी माफ, वसतिगृह फुकट आणि दोन वेळचं जेवण." अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागदावर दोन रकाने आखले. एका बाजूला सहा वर्षं आणि शून्य, दुसऱ्या बाजूला दोन वर्षं आणि करंडक. जुन्या सरांचं मानधन पुढं चालू ठेवू नये, असा ठराव झाला. ठरावाखाली पाच सह्या होत्या. त्यातली एक माझी.

करंडक आला. शब्दाला माणूस पक्का होता. दुसऱ्याच वर्षी हलगी लावून मिरवणूक निघाली, गुलाल उधळला गेला. बक्षीस समारंभात पाहुणा म्हणून मीच होतो. तिसऱ्या वर्षी त्या पाचांतली तिघं मुलं दुसऱ्या कॉलेजात गेली, कारण तिथं जास्त सवलती मिळत होत्या. पुढं प्रशिक्षकही गेले. करंडक फिरताच होता, तोही गेला. कोर्टावर झाडू मारणारं कुणी उरलं नाही.

आता मी बँकेतला माणूस. मला हे आधीच कळायला हवं होतं. बँकेत काम केलेल्या वाचकांना मार्च महिना काय असतो ते सांगायला नको. ३१ मार्चला ठेवींचं उद्दिष्ट पूर्ण दिसावं म्हणून ओळखीच्या व्यापाऱ्याला गळ घालायची, चार दिवसांसाठी मोठी रक्कम ठेवून घ्यायची आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती परत जाताना बघायची. वर साहेब खूश, आकडा झकास. पण शाखा होती तिथंच. त्याउलट एखादा अधिकारी खेड्यापाड्यांत हिंडून शंभर-शंभर रुपयांची खाती उघडतो. त्याचा आकडा त्या वर्षी दिसत नाही. तो दिसतो दहा वर्षांनी, आणि तोवर त्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते. आणलेली ठेव आणि वाढवलेली ठेव यांतला हा फरक मी कारकुनांना समजावून सांगत असे. कॉलेजच्या टेबलावर मात्र तो मला आठवला नाही.

याचा अर्थ बाहेरून मुलं आणणं हेच पाप, असं मात्र म्हणता येणार नाही. आपल्या सगळ्यांच्या लाडक्या आचरेकर सरांचंच उदाहरण घ्या. रमाकांत आचरेकर हे स्टेट बँकेत नोकरीला होते, याचा आम्हा बँकवाल्यांना भारी अभिमान. १९६३-६४ च्या मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध ते खेळले. तो त्यांचा एकमेव प्रथम श्रेणीचा सामना. खेळाडू म्हणून त्यांची नोंद एका ओळीत संपते. पण वांद्र्याच्या शाळेत शिकणाऱ्या सचिन तेंडुलकर नावाच्या मुलाला शारदाश्रमात घाला, असं त्यांनी घरच्यांना सुचवलं, कारण आधीच्या शाळेत क्रिकेटला तसा वाव नव्हता. आजच्या भाषेत ही भरतीच झाली. पण त्या भरतीनंतर काय घडलं? शिवाजी पार्कवर रोजचा सराव, एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यांसाठी नेणं आणि स्टंपवर ठेवलेलं ते रुपयाचं नाणं. दिवसभर बाद न होता टिकलास तर नाणं तुझं. मुलगा आणला आणि मग त्याला घडवलं. हा दुसरा भाग आम्ही आमच्या ठरावात लिहिलाच नव्हता.

फेब्रुवारी १९८८ मधली हॅरिस शील्डची उपांत्य लढत तर क्रिकेटवेड्या घरांत तोंडपाठ असते. शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद कांबळीनं सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. आता गंमत बघा. त्या दिवशी झेवियर्सकडून बेदम मार खाल्लेल्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता. पुढं तोही भारताकडून कसोटी खेळला. आणि शारदाश्रमच्या तंबूत पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट बघत अमोल मुजुमदार बसला होता. ती पाळी आलीच नाही. पुढं त्यानं प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताची टोपी त्याला कधी मिळाली नाही. त्या दिवसाच्या धावफलकावर त्याच्या नावापुढं काही नाही. मात्र २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचा मुख्य प्रशिक्षक हाच अमोल मुजुमदार होता. आता ही जमा कुणाच्या खात्यात धरायची? आणि कुठल्या वर्षाच्या ताळेबंदात?

कॉलेजच्या बास्केटबॉलचा सगळ्यांत मोठा बाजार आहे अमेरिकेत. तिथं शाळकरी पोरांच्या गुणवत्तेच्या याद्या छापल्या जातात, कुठल्या प्रशिक्षकानं कुणाला गळाला लावलं याची चर्चा आपल्याकडच्या निवडणुकीसारखी रंगते, आणि निकाल लागला नाही तर प्रशिक्षकाला नारळ मिळतो. २०२१ पासून तर खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायलाही मुभा मिळाली आणि कॉलेज बदलणंही सोपं झालं. त्याच देशात जॉन वुडन नावाचे प्रशिक्षक होऊन गेले. १९४८ साली ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९६४ साली, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. त्यानंतर १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत दहा विजेतेपदं! अर्थात त्यात भरतीचाही वाटा होता. न्यूयॉर्कहून आलेला सात फुटांहून उंच ल्यू अल्सिंडर, जो पुढं करीम अब्दुल-जब्बार म्हणून जगाला ठाऊक झाला, त्याच्या काळात १९६७ ते १९६९ अशी ओळीनं तीन विजेतेपदं आली. पण हेच वुडन नव्या मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवत? मोजे कसे घालायचे आणि बुटाच्या नाड्या कशा बांधायच्या. मोज्याला घडी पडली तर पायाला फोड येतो आणि फोड आलेला मुलगा खेळू शकत नाही, एवढा सरळ हिशेब. आमच्या समितीपुढं हे वुडनसाहेब सहाव्या वर्षी आले असते, तर मी दोन रकाने आखून त्यांनाही घरी पाठवलं असतं.

आपल्याकडंही हेच दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ साली राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत ऑलिम्पिकचं कांस्यपदक घेऊन आला. मध्ये पंधरा वर्षं गेली. आपल्या शेजारच्या धाराशिवची सारिका काळे बेताच्या परिस्थितीतल्या घरातून आली, भारताच्या खो-खो संघाची कर्णधार झाली आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. ही मुलं कुणी तयार आणून ठेवलेली नव्हती. कुणीतरी रोज पहाटे मैदानावर गेलं होतं.

मग प्रशिक्षकाला जोखायचं कसं? निकाल बघायचाच नाही का? बघायचा. शिकवतो छान पण कधीच जिंकत नाही, ही सबबही फार काळ चालू देऊ नये. पण कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही जसे एकाला चार प्रश्न विचारायचो, तसे इथंही विचारावेत. मुलगा आला तेव्हा काय येत होतं आणि जाताना काय येतं? आलेल्या दहांपैकी पदवी घेऊन किती बाहेर पडले? संघात जागा न मिळालेला बारावा मुलगा सरावाला येतो का, की पंधरा दिवसांत घरी बसतो? गावातली किती मुलं खेळायला लागली? आणि शेवटचा प्रश्न, जो मला त्या वेळी सुचला नाही. दुखणाऱ्या मुलाला हा माणूस बाहेर बसवतो का?

तो शेवटचा प्रश्न मला एका पेट्रोल पंपावर सुचला. निवृत्तीच्या आधीची गोष्ट. गाडीत डिझेल भरणाऱ्या उंचपुऱ्या माणसानं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या हातून बक्षीस घेतलंय मी." तो त्या विजेत्या संघातला होता. दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेला, ऊसतोड कामगाराचा मुलगा. चालताना उजवा पाय किंचित ओढत होता. मी विचारलं तेव्हा त्यानं सहज सांगितलं. अंतिम सामन्याआधीच गुडघा सुजला होता. पट्टी बांधून खेळवलं. त्यानंतर गुडघा कामातून गेला. पुढच्या वर्षी खेळता येईना, तेव्हा वसतिगृहाची खोली सोडायला सांगितली. बी. ए. चं दुसरं वर्ष तिथंच राहिलं.

"पण साहेब, जुने पीडी सर होते ना," तो म्हणाला, "त्यांनी तेव्हा गावात वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं होतं. मी वही घ्यायला गेलो तर माझं चालणं बघून म्हणाले, बाळा, ही फायनल सोड, पुढच्या वर्षी खेळ. मी काय ऐकणार? ते थोडेच आमचे कोच होते!"

त्यानं पैसे मोजून घेतले, पावती दिली, काच पुसली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. ठरावावर माझीही सही होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. मीही ते सांगितलं नाही. आज इथं लिहितो आहे.

परवा मैदानावर स्नेह्यांचा प्रश्न ऐकला तेव्हा हे सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी त्या तरुण शिक्षकाजवळ गेलो. कडेला एक दहा-बारा वर्षांची मुलगी वही घेऊन बसली होती. "ही का खेळत नाही?" मी विचारलं.

"घोटा मुरगळलाय तिचा. दहा दिवस बसायचं सांगितलंय," तो म्हणाला. "घरी थांब म्हटलं तर ऐकत नाही. मग गुण लिहायला बसवलं."

परत निघालो तसं स्नेह्यांनी पुन्हा विचारलं, "काय म्हणाला? कुणी गेलं का राज्याला?"

"अजून नाही," मी म्हणालो. "संस्थेनं विचारलं, तर मात्र मला बोलवायला सांगा. मला त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत."