पडद्याआडचा आवाज

नाटकात नट बोलणे विसरला तर? पडद्याआड एकजण वही घेऊन उभा असतो. तो पुढचे वाक्य हळूच सांगतो. त्याला प्रॉम्प्टर म्हणतात. वाचता येणाऱ्याचेच हे काम.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूणचे डॉ. काशीनाथ घाणेकर हे दातांचे डॉक्टर. नाटकात तेही आधी प्रॉम्प्टर होते. दुसऱ्यांची वाक्ये त्यांनी वाचली. मग १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ नाटकात ते स्वतः संभाजी झाले. १९६६ साली ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये उनाड विद्यार्थी लाल्या झाले. माणूस एकच, पण राजपुत्राची बोली निराळी, टग्याची निराळी! १९८६ साली नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच ते वारले.

चला, आपणही आजचा धडा मोठ्याने वाचू. राजाचे बोलणे राजासारखे, शेतकऱ्याचे शेतकऱ्यासारखे.