भौतिकी व तत्त्वज्ञान : संयुक्त पदवी अभ्यासक्रम

भौतिकी व तत्त्वज्ञान : भौतिकी आणि तत्त्वज्ञान या दोन विषयांचे समान महत्त्वाने व परस्परसंबद्ध रीतीने अध्ययन करविणारा पदवीपूर्व अभ्यासक्रम. एका मुख्य विषयास दुसरा गौण विषय जोडणे एवढाच त्याचा हेतू नसतो. द्रव्य, अवकाश, काल, कारण, नियम, संभाव्यता व मापन या संकल्पना भौतिकी गृहीत धरून वापरते, तर तत्त्वज्ञान त्यांचे परीक्षण करते. या दोन्ही व्यापारांचे शिक्षण एकाच विद्यार्थ्यास मिळावे, ही त्यामागील भूमिका होय. ब्रिटनमधील ऑक्सफर्ड, ब्रिस्टल व लंडनचे किंग्ज कॉलेज येथे असे संयुक्त अभ्यासक्रम आहेत. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत दोन प्रमुख विषय घेण्याच्या सवलतीमुळे हीच जोड साधता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : हे दोन विषय प्रारंभी वेगळे नव्हतेच. आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांच्या १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमुख ग्रंथाच्या नावाचा अर्थच ‘नैसर्गिक तत्त्वज्ञानाची गणिती तत्त्वे’ असा आहे. निसर्गाच्या पद्धतशीर अभ्यासास ‘नैसर्गिक तत्त्वज्ञान’ म्हणण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातही चालू होती. लॉर्ड केल्व्हिन (१८२४–१९०७) हे १८४६ पासून १८९९ पर्यंत ग्लासगो विद्यापीठात नैसर्गिक तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दादाभाई नवरोजी (१८२५–१९१७) यांनी १८५० नंतरच्या दशकात भूषविलेले प्राध्यापकपदही गणित व नैसर्गिक तत्त्वज्ञान यांचे होते. महाराष्ट्रातील आधुनिक विज्ञानशिक्षणाचा आरंभ अशा रीतीने याच नावाखाली झाला.

प्रयोगशाळांची वाढ, गणिती साधनांची वाढती अवघडता आणि विज्ञानाला मिळालेले स्वतंत्र व्यवसायाचे रूप यांमुळे पुढे दोन्ही विषयांची फारकत झाली. विज्ञानाची उपासना करणाऱ्यासाठी इंग्रजीत आज रूढ असलेला शब्द विल्यम ह्यूएल (१७९४–१८६६) यांनी १८३३ च्या सुमारास सुचविला. तत्पूर्वी अशा व्यक्तीस तत्त्वज्ञच म्हणत असत. विद्यापीठांतून विज्ञान व कला या विद्याशाखा वेगळ्या झाल्यावर भौतिकी एकीकडे व तत्त्वज्ञान दुसरीकडे गेले.

तथापि ही फारकत पूर्ण कधीच नव्हती. व्हिएन्ना येथे १८९५ मध्ये एर्न्स्ट माख (१८३८–१९१६) या भौतिकीविज्ञांची विगामी विज्ञानांचा इतिहास व तत्त्वज्ञान या विषयाच्या प्राध्यापकपदावर नियुक्ती झाली. त्यांच्यानंतर लूटव्हिख बोल्ट्‌समान (१८४४–१९०६) यांनी १९०३ पासून तेथे नैसर्गिक तत्त्वज्ञानावर व्याख्याने दिली. बर्न येथे पेटंट कार्यालयात नोकरीस असताना अल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९–१९५५) व त्यांचे दोन मित्र डेव्हिड ह्यूम, माख व आंरी प्वँकारे यांचे ग्रंथ एकत्र वाचीत. समकालिकतेच्या नेहमीच्या कल्पनेची १९०५ मध्ये त्यांनी जी चिकित्सा केली, तिला या वाचनाची पार्श्वभूमी होती. तार्किक प्रत्यक्षार्थवादाचे एक प्रवर्तक मोरिट्स श्लिक (१८८२–१९३६) यांनी माक्स प्लांक यांच्या मार्गदर्शनाखाली भौतिकीत डॉक्टरेट मिळविली होती.

ऑक्सफर्ड विद्यापीठात १९६० नंतरच्या काळात हे दोन विषय पदवीच्या पातळीवर औपचारिक रीत्या जोडले गेले. त्यात मूळचे न्यूझीलंडचे तत्त्वज्ञ रॉम हॅरे (१९२७–२०१९) यांचा महत्त्वाचा वाटा होता.

अभ्यासक्रमाचे स्वरूप : ऑक्सफर्डचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून तीन वर्षांनंतर बी.ए. पदवी घेऊन बाहेर पडण्याचीही सोय आहे. अभ्यासाचे सामान्यतः तीन घटक पडतात. पहिला घटक भौतिकी व तिला लागणारे गणित यांचा. त्यात यामिकी, विद्युत्‌ चुंबकत्व, सापेक्षता, ऊष्मागतिकी, सांख्यिकीय भौतिकी व पुंजयामिकी यांचा समावेश होतो. दुसरा घटक तर्कशास्त्र, ज्ञानमीमांसा व सत्तामीमांसा यांचा. तिसरा घटक भौतिकीच्या तत्त्वज्ञानाचा असून पहिल्या दोहोंना जोडणारा दुवा तोच होय. या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतील काम केवळ भौतिकी घेणाऱ्यांपेक्षा कमी असते; मात्र सैद्धांतिक भौतिकीत त्यांना सवलत नसते. अखेरच्या वर्षी कोणत्याही एका विषयावर भर देता येतो किंवा दोन्ही चालू ठेवता येतात.

दोन विषयांच्या कार्यपद्धती भिन्न आहेत. भौतिकीत विद्यार्थी उदाहरणे सोडवून शिकतो. उत्तर बरोबर की चूक, हे बहुधा ठरलेले असते. तत्त्वज्ञानात त्याला निबंध लिहावा लागतो. त्यात प्रतिपक्षाची बाजू तिच्या सर्वांत बळकट स्वरूपात मांडून नंतर तिचा विचार करावयाचा असतो. समीकरण अचूक सोडवूनही त्याचा अर्थ सांगता न येणे आणि सिद्धांताविषयी सुंदर निबंध लिहूनही त्याचे समीकरण सोडविता न येणे, या दोन्ही उणिवा येथे उघड्या पडतात.

जोड देणाऱ्या समस्या : (१) अवकाश व गती : न्यूटन यांच्या मते अवकाश हे वस्तूंहून स्वतंत्र असे अस्तित्व आहे. गोटफ्रीट लायप्निट्स (१६४६–१७१६) यांना अवकाश म्हणजे वस्तूंमधील संबंधांची केवळ व्यवस्था वाटे. न्यूटन यांची बाजू घेणारे सॅम्युएल क्लार्क (१६७५–१७२९) व लायप्निट्स यांच्यात १७१५–१६ मध्ये झालेला पत्रव्यवहार या विषयाच्या अध्यापनात आजही वाचला जातो. सर्व विश्व जसेच्या तसे थोडे पूर्वेकडे सरकविले तर काय फरक पडेल, असा लायप्निट्स यांचा आक्षेप होता. कोणताही फरक ओळखता येत नसेल, तर त्या दोन स्थिती वेगळ्या मानण्यास आधार उरत नाही. न्यूटन यांचा आधार पाण्याने भरलेल्या बादलीचा होता. दोरीला टांगलेली बादली फिरू लागली की प्रथम पाणी स्थिर व सपाट असते. काही वेळाने ते बादलीबरोबर फिरू लागते व त्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो. या वेळी पाणी व बादली यांच्यात सापेक्ष गती नसते. तेव्हा पृष्ठभागाचा आकार बादलीच्या सापेक्ष गतीमुळे आलेला नाही, हे उघड आहे. पाणी खुद्द अवकाशाच्या संदर्भात फिरत असले पाहिजे, असा न्यूटन यांचा निष्कर्ष होता. दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भातील गती विचारात घ्यावी, असे माख यांनी सुचविले व या सूचनेने आइन्स्टाइन यांना व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या (१९१५) वाटेवर प्रेरणा दिली. त्या सिद्धांताने वाद संपला नाही. त्याने नवे रूप घेतले.

(२) कालाची दिशा : यामिकीचे मूलभूत नियम कालाची दिशा उलट केली तरी तसेच राहतात. असे असता उष्ण चहा आपोआप निवतो, निवलेला चहा आपोआप तापत नाही, याचे कारण काय? बोल्ट्‌समान यांनी १८७२ मध्ये एंट्रॉपीची वाढ रेणूंच्या आघातांवरून सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. दिशा नसलेल्या नियमांतून दिशा कशी निघेल, हा आक्षेप योझेफ लोश्मिट यांनी १८७६ मध्ये घेतला. या आक्षेपाचे उत्तर देताना संभाव्यतेचा अर्थ आणि विश्वाची प्रारंभिक अवस्था या दोहोंचा विचार करावा लागतो. येथे गणित व तत्त्वविचार एकमेकांपासून सोडविता येत नाहीत.

(३) पुंजयामिकीचा अर्थ : पुंजयामिकीची अनुमाने अतिशय अचूक ठरली आहेत, पण ती कशाचे वर्णन करते, याविषयी एकमत नाही. आइन्स्टाइन, बोरिस पोडॉल्स्की व नेथन रोझेन यांनी १९३५ मध्ये हे वर्णन अपूर्ण असल्याचा युक्तिवाद केला. अनेक वर्षे हा वाद निव्वळ तात्त्विक व म्हणून निष्फळ समजला गेला. जॉन बेल (१९२८–९०) यांनी १९६४ मध्ये या वादातून प्रयोगाने पडताळता येईल अशी असमता काढली. एका ठिकाणच्या मापनाचा दूरच्या ठिकाणी तत्काळ परिणाम होत नाही आणि मापनाची निवड कणांच्या पूर्वस्थितीहून स्वतंत्र असते, या गृहीतांवर उभा राहिलेला कोणताही सिद्धांत ती असमता पाळील, असे त्यांनी दाखविले. जॉन क्लाउझर व स्ट्युअर्ट फ्रीडमन यांच्या १९७२ च्या आणि आलँ आस्पे यांच्या १९८२ च्या प्रयोगांत निसर्ग ही असमता पाळीत नसल्याचे दिसून आले. क्लाउझर, आस्पे व आंटोन त्साइलिंगर यांना २०२२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या प्रश्नात गुंतणे तरुण संशोधकाच्या भवितव्यास घातक मानले जाई, त्यातूनच पुंज माहितीशास्त्राला चालना मिळाली [→ पुंजयामिकी].

आक्षेप व विचार : या जोडणीवर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेण्यात येतात. पहिला आक्षेप असा, की दोन विषयांमुळे एकही धड होत नाही. हा धोका खरा आहे. प्रायोगिक भौतिकीत पुढे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतील उणीव नंतर भरून काढावी लागते. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी असून तो प्रख्यात भौतिकीविज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग (१९३३–२०२१) यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. कार्यरत वैज्ञानिकाला तत्त्वज्ञानाची मदत झाल्याची उदाहरणे विरळ आहेत. त्याचा उपयोग झालाच तर इतर तत्त्वज्ञांच्या पूर्वग्रहांपासून रक्षण होण्यापुरता होतो, असे त्यांचे मत होते. जे प्रत्यक्ष दिसत नाही ते मानू नये, या माख यांच्या भूमिकेमुळे अणूंच्या स्वीकारात अडथळे आले, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

हे उदाहरण योग्यच आहे. पण त्यातून उलट निष्कर्षही निघतो. तत्त्वज्ञान शिकण्याचे टाळले म्हणून ते विचारातून नाहीसे होत नाही. कोणती वस्तू खरी मानावयाची, कोणते स्पष्टीकरण पुरेसे समजावयाचे, यांविषयी प्रत्येक संशोधकाची काही समजूत असते. ती तपासलेली असेल किंवा न तपासलेली असेल, एवढाच फरक. माख यांच्या भूमिकेने आइन्स्टाइन यांना समकालिकतेच्या प्रश्नात साहाय्य केले, तर अणूंच्या प्रश्नात इतरांची दिशाभूल केली. एकच तत्त्व कोठे उपकारक व कोठे अपायकारक ठरते, हे ओळखण्यास त्या तत्त्वाचे व त्या भौतिकीचे अशी दोन्ही ज्ञाने लागतात. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यासही हेच लागू पडते. आजची भौतिकी न जाणता काल व कारण यांविषयी केलेले लेखन बहुधा सामान्य अनुभवालाच विश्वाचा नियम समजून बसते.

भारतातील स्थिती : भारतात विज्ञान व कला यांची वाट उच्च माध्यमिक शाळेतच फुटते. भौतिकी घेणाऱ्या विद्यार्थ्याला तत्त्वज्ञान हा विषय परंपरेने उपलब्ध नसे आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचे गणित शाळेतच संपे. तंत्रशास्त्र संस्थांतील मानव्यविद्यांचे काही अभ्यास आणि बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत २०११ मध्ये सुरू झालेला, मानव्यविद्यांचा समावेश असलेला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम यांनी ही भिंत काहीशी सैल केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) बहुविद्याशाखीय चार वर्षांच्या पदवीचा पुरस्कार केल्याने भौतिकीबरोबर तत्त्वज्ञान घेण्यास तत्त्वतः मार्ग मोकळा झाला आहे. मात्र दोन विषय शेजारी ठेवले म्हणजे ते जोडले गेले असे होत नाही. त्यांच्यातील दुव्याचे स्वतंत्र अध्यापन करणारा, दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक ही येथील खरी गरज आहे.

अशा अभ्यासाला भारतीय दर्शनांत विपुल सामग्री आहे. वैशेषिकांनी मानलेल्या नऊ द्रव्यांत पृथ्वी, अप्, तेज व वायू यांच्याबरोबर काल व दिक् यांचीही गणना होते. काल हे स्वतंत्र द्रव्य आहे की नाही, हा दर्शनांमधील वाद न्यूटन-लायप्निट्स वादाशेजारी ठेवून अभ्यासण्याजोगा आहे [→ वैशेषिक दर्शन]. परंतु वैशेषिकांच्या परमाणूंत आधुनिक अणू किंवा वेदान्तात पुंजयामिकी शोधणे म्हणजे हा अभ्यास नव्हे. तशा तुलनेत भौतिकीचे गणित सुटते व दर्शनाचा युक्तिवादही सुटतो. उरते ते केवळ शब्दसाम्य. दोन्ही विषयांच्या शिस्तीत वाढलेला विद्यार्थी हा फरक चटकन ओळखतो आणि सुशिक्षित समाजाच्या दृष्टीने या अभ्यासक्रमाचे ते एक महत्त्वाचे फलित होय.