कृपा, ईश्वरी
ख्रिस्ती श्रद्धेनुसार मानवाची पात्रता न पाहता ईश्वराने त्याला दिलेले तारणाचे दान. मनुष्य स्वतःच्या सत्कृत्यांनी नव्हे, तर विश्वासाने या दानाचा स्वीकार केल्याने नीतिमान ठरतो, असे प्रतिपादन संत पॉलच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. आपल्या उपवासांचा व दशमांशाचा हिशेब देवापुढे मांडणारा परूशी आणि छाती बडवून केवळ दया मागणारा जकातदार, हा लूककृत शुभवर्तमानातील (अध्याय १८) दृष्टांत या संदर्भात नेहमी दिला जातो. सत्कृत्ये त्यामुळे त्याज्य ठरत नाहीत. ती कृपेचे फळ होत, तिचे मोल नव्हे. ऑगस्टीन (३५४–४३०) व पेलेजियस यांच्यातील वाद, तसेच मार्टिन ल्यूथरची धर्मसुधारणा यांच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

महाराष्ट्रात या तत्त्वाचा प्रत्यय पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आत्मनिवेदनात येतो. शास्त्राध्ययनामुळे कलकत्त्यास १८७८ मध्ये 'सरस्वती' ही पदवी मिळविलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन स्थापिले. तथापि त्या काळात आपणास ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त मात्र लाभला नाही, असे त्यांनी पुढे नमूद केले. विद्वत्ता व लोकसेवा ही दोन्ही गाठीस असताना दिलेली ही कबुली असामान्य म्हटली पाहिजे. स्वतःच्या योग्यतेचा आधार सोडून केवळ कृपेवर विसंबणे त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी साधले. उत्तरायुष्यात केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतज्ञ असूनही त्यातील भाषा त्यांनी हेतुतः साधी, अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशी ठेवली.