डोक्यावरची धडक आणि शिक्षेचे अस्थिर माप

बर्फावरील हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे हा खेळाचा मान्य भाग आहे. ज्याच्या ताब्यात 'पक', म्हणजे रबराची जड चकती, आहे अशा खेळाडूला खांद्याने किंवा कमरेने रेटून चकतीपासून दूर करणे याला 'बॉडी चेक' म्हणतात, आणि उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, कोणत्याही सामन्यात अशा धडका सतत होत असतात. मात्र हीच धडक मागून, चकती निघून गेल्यावर उशिरा किंवा थेट डोक्यावर दिली गेली, तर ती बेकायदा ठरते; कारण 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद अशा कठड्यांनी वेढलेल्या बर्फावर पूर्ण वेगाने येणाऱ्या देहाचा आघात डोक्यावर झाला की 'कन्कशन', म्हणजे मेंदूला बसणारा हिसका, खेळाडूची कारकीर्द संपवू शकतो. ही सीमारेषा ओलांडणाऱ्याला कोणती शिक्षा व्हावी, या प्रश्नाला लीगने आजवर एकसारखे उत्तर दिलेले नाही.

शिक्षेचे दोन टप्पे आहेत. सामना चालू असताना पंच दोन किंवा पाच मिनिटांसाठी खेळाडूला बाहेर बसवतात किंवा उरलेल्या सामन्यातून काढून टाकतात. त्यानंतर लीगचा 'खेळाडू सुरक्षा विभाग' चित्रफीत पाहून दंड किंवा काही सामन्यांचे निलंबन ठरवतो. हा विभाग 2011 मध्ये माजी खेळाडू ब्रेंडन शॅनहन यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला आणि प्रत्येक निलंबनाची कारणे चित्रफितीतून समजावून सांगण्याची चांगली प्रथा त्यांनी पाडली. परंतु कारणे सांगणे वेगळे आणि माप ठरलेले असणे वेगळे. कृत्याचे स्वरूप, झालेली इजा, खेळाडूचा पूर्वेतिहास आणि सामन्यातील परिस्थिती असे विचारात घ्यायचे मुद्दे लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करारात नमूद आहेत. कोणत्या मुद्द्याला किती वजन द्यायचे, हे मात्र विभागाच्या विवेकावर सोडलेले आहे.

या ढिलाईचा परिणाम 2012 च्या बाद फेरीत ठळकपणे दिसला. 11 एप्रिलला नॅशव्हिलच्या शिया वेबरने डेट्रॉइटच्या हेन्रिक झेटरबर्गचे डोके पकडून काचेवर आदळले. त्यात चकतीसाठी चाललेल्या झुंजीचा लवलेशही नव्हता, तरी वेबरला केवळ 2,500 डॉलर दंड झाला, जो तेव्हाच्या कराराने घालून दिलेला कमाल दंड होता. झेटरबर्गला उघड इजा झालेली नाही आणि तो पुढचा सामना खेळू शकेल, ही बाब या निर्णयात महत्त्वाची ठरली. सहाच दिवसांनी फीनिक्सच्या राफी टॉरेसने शिकागोच्या मारियान होसाला उशिरा आणि उडी घेऊन डोक्यावर धडक दिली, होसाला स्ट्रेचरवरून न्यावे लागले, आणि टॉरेसला 25 सामन्यांचे निलंबन झाले, जे पुढे अपिलात 21 वर आले. टॉरेसचा इतिहास वाईट होता आणि त्याची शिक्षा अवाजवी नव्हती. प्रश्न वेबरच्या शिक्षेचा आहे: एखाद्याचे डोके हेतुपुरस्सर काचेवर आदळणे हे कृत्य, समोरच्याचे शिरस्त्राण मजबूत निघाले म्हणून सौम्य होत नाही. इजेला मध्यवर्ती मानले की शिक्षा दोषापेक्षा दैवावर अवलंबून राहते, आणि धडक देणाऱ्याला आपले कृत्य किती महागात पडेल याचा अंदाजच बांधता येत नाही.

वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनच्या बाबतीत तर एकाच खेळाडूला लावलेली मापे परस्परांशी जुळत नाहीत. 2018 च्या हंगामपूर्व सामन्यात ऑस्कर सुंडक्विस्टच्या डोक्यावर दिलेल्या धडकेसाठी, सुमारे वर्षभरातील चौथा अपराध म्हणून, त्याला 20 सामन्यांचे निलंबन झाले; तटस्थ लवाद श्याम दास यांनी ते 14 वर आणले, परंतु तोवर त्याचे 16 सामने बुडून गेले होते. पुढे 3 मे 2021 रोजी न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध त्याने बर्फावर पालथ्या पडलेल्या पावेल बुचनेविचला ठोसा मारला आणि शिरस्त्राण निघालेल्या आर्टेमी पानारिनला बर्फावर आपटले, तेव्हा त्याला एकाही सामन्याचे निलंबन न होता 5,000 डॉलर दंड झाला. पानारिन मात्र उरलेला हंगाम खेळू शकला नाही. सुरक्षा विभागाचे प्रमुख जॉर्ज पॅरोस त्या पदास अपात्र आहेत, असे पत्रक काढणाऱ्या रेंजर्स संघाला लीगने अडीच लाख डॉलर, म्हणजे विल्सनच्या पन्नास पट, दंड केला. टीकेची किंमत ठोशापेक्षा इतकी अधिक ठरावी, हे कोणत्याही शिस्तव्यवस्थेला शोभणारे नाही.

विसंगतीचा सारा दोष व्यक्तींवर टाकणे सोपे, पण अपुरे आहे, कारण तिची बीजे रचनेतच आहेत. दूरध्वनीवर झालेल्या सुनावणीत पाचपेक्षा अधिक सामन्यांचे निलंबन देता येत नाही. त्याहून मोठ्या शिक्षेसाठी प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी लागते, आणि सहा सामन्यांपासून पुढच्या शिक्षेवर लीगच्या कमिशनरकडे केलेले अपील फेटाळले गेल्यास खेळाडू तटस्थ लवादाकडे जाऊ शकतो. त्यामुळे सुनावणीचा प्रकार निवडतानाच शिक्षेची कमाल मर्यादा ठरून जाते. खेळाडूंच्या संघटनेची अडचण आणखी खोल आहे, कारण धडक देणारा आणि ती झेलणारा असे दोघेही तिचेच सदस्य असतात आणि सुनावणीत मात्र तिला पहिल्याच्या बाजूने उभे राहावे लागते.

नियमही इजा होऊन गेल्यावरच बदलले. मार्च 2010 मध्ये पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क साव्हारला नजरेच्या आडून डोक्यावर खांदा मारला. त्यावेळी अशी धडक नियमात बसत असल्याने कुकला काहीही शिक्षा झाली नाही. त्याच महिन्यात अशा धडकांना मनाई करणारा नियम घाईने आणला गेला, जो आज नियम 48 म्हणून ओळखला जातो. साव्हारची कारकीर्द जानेवारी 2011 मधील आणखी एका कन्कशनने संपली.

शिक्षा अनिश्चित असली की खेळाडू हिशेब स्वतः चुकता करू लागतात, आणि हा या विसंगतीचा सर्वांत घातक परिणाम होय. विल्सनच्या दंडाच्या दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन आणि रेंजर्स पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा चकती पडताक्षणीच तीन जोड्या एकदम मारामारीला भिडल्या. त्याहून भीषण घटना 2004 मधील आहे. फेब्रुवारीत कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने व्हॅंकूव्हरचा कर्णधार मार्कस नेस्लुंड याच्या डोक्यावर धडक दिली, तिला ना पंचांनी शिक्षा केली ना लीगने. मग 8 मार्चला व्हॅंकूव्हरच्या टॉड बर्टुझीने मूरला मागून ठोसा मारून बर्फावर पाडले. मूरच्या मानेचे मणके मोडले आणि तो पुन्हा कधी एनएचएलमध्ये खेळला नाही. बर्टुझीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. बर्टुझीच्या अपराधाला कोणतीही सबब नाही. परंतु पहिल्या धडकेचा निवाडा अधिकृतपणे आणि पटेल असा झाला असता, तर सूडाला आधार उरला नसता.

ठरलेले माप या खेळाला परके आहे, असेही नाही. लीगच्या नियमपुस्तकातील नियम 40 पंचांवर हात टाकणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यात कृत्याच्या गांभीर्यानुसार किमान 20, किमान 10 आणि किमान 3 सामन्यांच्या निलंबनाच्या श्रेणी आखून दिलेल्या आहेत. 2016 मध्ये कॅल्गरीच्या डेनिस वाइडमनने लाइन्समनला, म्हणजे सहायक पंचाला, मागून पाडले, तेव्हा झालेले 20 सामन्यांचे निलंबन लवादाने 10 वर आणले. त्या निर्णयावर कडाक्याचा वाद झाला, पण तो कृत्य कोणत्या श्रेणीत बसते याभोवतीच फिरला, आणि मापच नाही अशी तक्रार कोणाला करता आली नाही. पंचाच्या पाठीला जे संरक्षण मिळते, तेच खेळाडूच्या डोक्याला मिळावे, यासाठी नियम 48 मध्ये अशाच किमान श्रेणी घालणे आणि इजेचा विचार श्रेणी ठरल्यानंतर, शिक्षा वाढवण्यापुरताच करणे, एवढे पुढच्या करारात लीग आणि संघटना या दोघांच्या संमतीने करता येण्याजोगे आहे.